सोमवारी फोन भिंतीवर, गुरुवारी नवा डिस्प्ले

पत्र :

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, ९१ टक्के. जूनपासून अकरावी सायन्स, इंटिग्रेटेड कॉलेज (कॉलेज आणि एंट्रन्सचा क्लास एकत्र). आता क्लासच्या टेस्टला तळातले मार्क पडतात. सात-आठ महिने झाले, रात्री दोन-अडीचपर्यंत बीजीएमआय हा फोनवरचा लढाईचा गेम नाहीतर रील्स चालू असतात. सकाळी सव्वासहाला ओढून उठवावं लागतं. यांची तासवडे एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. मागच्या महिन्यात एका सोमवारी यांनी फोन हिसकावून भिंतीवर आपटला. पोरगं दोन दिवस जेवलं नाही, म्हणून गुरुवारी हेच जाऊन नवा डिस्प्ले टाकून आले. सासूबाई स्वतःचा फोन त्याला गुपचूप देतात. मी ओरडले की हे म्हणतात, तूच लाडावून ठेवलंस. यांनी हात उचलला की मी मध्ये पडते. हल्ली तो आमच्याशी बोलतच नाही. कडक व्हावं की सोडून द्यावं?

ता. क. बारावीला चांगले मार्क पडले तर आयफोन घेऊन देतो, असं हे म्हणतात. त्यासाठी तरी अभ्यास करेल का? नववीपर्यंत कबड्डी खेळायचा, ती दहावीसाठी बंद केली होती.

– एक आई, कराड

उत्तर :

ताई, कडक आणि सोडून देणं ही दोन्ही औषधं तुमच्या घरात एकाच आठवड्यात देऊन झाली आहेत. सोमवार ते गुरुवार या चार दिवसांत मुलगा एवढंच शिकला, की दोन दिवस तग धरला तर फोन परत येतो. यात त्याचा कावा नाही, त्याच्या जागी कुणीही हेच शिकलं असतं. कधी मिळतं, कधी मिळत नाही, अशा गोष्टीचा नाद सुटायला सगळ्यात अवघड असतो. रील्समध्ये दहा फालतू येतात, अकरावी झकास निघते, म्हणून बोट थांबत नाही. घरातला नियमसुद्धा आज आहे, उद्या नाही असा असला, की मुलगा तोही तसाच ओढून बघत राहतो. म्हणून पहिलं काम त्याच्या फोनवर करायचं नाहीये. ते तुम्ही, तुमचे मिस्टर आणि सासूबाई, या तिघांमध्ये करायचं आहे.

त्याआधी ‘व्यसन’ या शब्दाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११मध्ये, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. त्यात रोज किती तास खेळलं म्हणजे आजार, असा आकडा दिलेला नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्या गोष्टी खेळापुढे मागे पडणं आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणं, या तीन गोष्टी साधारण बारा महिने दिसल्या आणि त्यांनी शिक्षण किंवा घरातलं जगणं विस्कटलं, तर डॉक्टर ते निदान करतात. रील्सचं व्यसन असं वेगळं निदान त्या यादीत नाही. तुमच्या मुलाची लक्षणं दुर्लक्ष करण्यासारखी नाहीत, पण सात-आठ महिन्यांत शिक्का मारायची घाई नको. पाहुण्यांसमोर ‘याला मोबाईलचं व्यसन लागलंय’ हे वाक्य तर आजपासून बंदच. त्या शब्दाचा एकच उपयोग होतो : मुलगा पाहुणे आले की खोलीचं दार लावून घेतो.

आता हे सुरू कधी झालं ते बघा. जूनमध्ये. दहावीला ९१ टक्के मिळवलेला मुलगा ‘वेग’, ‘त्वरण’, ‘संवेग’ शिकून आला आणि एका महिन्यात त्याच्यासमोर व्हेलॉसिटी, ॲक्सिलरेशन, मोमेंटम आलं, तेही क्लासच्या वेगाने. शाळेतले मित्र वेगवेगळ्या कॉलेजांत पांगले. दर आठवड्याला टेस्ट, टेस्टची यादी लावलेली, त्यात नाव खाली. गेममध्येही यादीच असते, पण तिथे तो वर चढतो. गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राऊन. चार जणांचा स्क्वाड रात्री साडेदहाला त्याची वाट बघतो, तो आला नाही तर विचारतो. दिवसभरात त्याची अशी वाट बघणारं दुसरं कोण आहे? घरात त्याच्याशी काय बोललं जातं, ते एक दिवस मोजून बघा. ‘उठ.’ ‘उशीर होतोय.’ ‘किती पडले?’ ‘ठेव तो फोन.’ बहुतेक घरांत एवढ्यावर दिवस संपतो.

घरातलं नातं आणि मुलांचा इंटरनेटचा अतिरेक यांचा संबंध जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. जिथे जवळीक आणि बोलणं जास्त तिथे त्रास कमी, जिथे भांडणं आणि मारहाण जास्त तिथे त्रास जास्त. मात्र यातल्या बऱ्याच अभ्यासांत दोन्ही गोष्टी एकाच वेळी विचारलेल्या असतात. त्यामुळे भांडणामुळे फोन वाढला की फोनमुळे भांडण, हे त्यातून सुटं करता येत नाही. व्यवहारात चाक दोन्ही बाजूंनी फिरतं. तेव्हा ‘आमचंच चुकलं’ म्हणून रडत बसू नका. पण हे चाक घराच्या बाजूनेही थांबवता येतं, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चिनी अभ्यासात दिसलं. इंटरनेटच्या आहारी गेलेली १२ ते १८ वर्षांची ४६ मुलं आणि प्रत्येकाचे आई किंवा वडील यात होते. काही कुटुंबांना एकत्र बसवून सहा बैठका घेतल्या. भर पालक आणि मुलांमधल्या बोलण्यावर होता. बैठका घेतलेल्या गटात सुरुवातीला सगळीच मुलं व्यसनाच्या निकषात बसत होती. बैठका संपल्या तेव्हा ४.८ टक्के उरली, तीन महिन्यांनी ११.१ टक्के. अभ्यास छोटा आहे, तीन महिन्यांच्या पुढचं तो सांगत नाही, आणि शेवटचा आकडा परत चढलेला आहे हेही बघा. पण दिशा नेमकी कळते.

पहिला आठवडा : काहीही बदलू नका

एक वही करा. उघड करा, चोरून नाही. त्यालाही सांगा, ‘आठवडाभर मी फक्त लिहिणार आहे, ओरडणार नाही.’ चार रकाने : फोन किती वाजता हातात घेतला, त्याआधी घरात काय झालं, फोनवर काय चाललं होतं, कशामुळे थांबला. त्याच्या सेटिंगमधल्या ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये कोणत्या ॲपवर किती वेळ गेला ते दिसतं, ते त्यालाच आठवड्याच्या शेवटी वाचून दाखवू द्या. वहीतला दुसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. टेस्टचा निकाल लागला त्या दिवशी किती वेळ? तुम्हा दोघांचं वाजलं त्या रात्री किती? अभ्यासाचा ताण आणि घरातला आवाज यांपैकी कशानंतर तो फोनकडे जातो, ते तिथे दिसेल. त्यावरून पुढे कुठे जोर लावायचा ते ठरवा.

तिघांची बैठक

याच आठवड्यात, मुलगा क्लासला गेलेला असताना, तिघांनी अर्धा तास बसा. रात्री अकराला, सेकंड शिफ्टवरून दमून आलेल्या माणसाशी हे बोलायचं नाही. जुने हिशेब काढायचे नाहीत. तीनच गोष्टी ठरवा : रात्री फोन कुठे राहणार, नियम मोडला तर काय होणार, आणि ते कोण सांगणार. तीनच, कारण दहा नियम केले तर तुम्हीच त्यांतले सात पहिल्या रविवारी विसराल, आणि मुलगा पाळलेल्या तिनांपेक्षा विसरलेले सात लक्षात ठेवतो.

मारणं बंद, हे ठरवण्याच्या यादीत घालू नका. ते ठरलेलंच आहे. यांनी हात उचलायचा, तुम्ही मध्ये पडायचं, मग तुम्हा दोघांचं भांडण, आणि ते चालू असताना मूळ विषय हवेत. या क्रमात मुलगा एक बाजू पकडायला शिकतो. तुम्हा दोघांत एकमत नसेल तर ते त्याच्यासमोर मिटवायचं नाही. जो त्या क्षणी बोलतोय त्याला बोलू द्यायचं, मतभेद नंतर स्वयंपाकघरात.

सासूबाईंना या बैठकीत गुन्हेगार करू नका. त्या घरात मार्कांशिवाय त्याच्याशी बोलणारं एकच माणूस म्हणजे आजी, ते तोडलं तर त्याला घरात काहीच उरणार नाही. त्यांच्या तोंडी एक सोपं वाक्य द्या : ‘माझा फोन माझ्यापाशी, बाकी तुला काय हवं ते माग.’ त्यांच्या फोनचं लॉक बदला. आताचा पॅटर्न बहुधा नातवानेच घालून दिलेला असेल.

तुमच्या पत्रात मिस्टरांच्या फोनचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो : शिफ्टहून आल्यावर जेवताना त्यांच्या हातात काय असतं? शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही, मोबाईल बंद होतात. त्यातलं घेण्यासारखं भोंगा नाही. भोंगा वाजला की मोठ्यांचेही फोन खाली जातात, ते घेण्यासारखं आहे.

बोलणं कोणी काढायचं

वडिलांनी. खुर्चीत समोर बसवून नाही, गाडीवर क्लासला सोडताना किंवा बाजारातून येताना, दोघांची नजर रस्त्यावर असताना. एवढंच म्हणायचं : ‘त्या दिवशी फोन आपटला ती माझी चूक. परत होणार नाही. रात्रीच्या फोनबद्दल मात्र रविवारी आपण बसून ठरवू, तुझं म्हणणंही ऐकेन.’ आणि गप्प बसायचं. बहुतेक वडील इथे ‘पण तूसुद्धा…’ जोडतात आणि आधीचं सगळं वाहून जातं.

रात्र आधी, दिवस नंतर

वहीचा आठवडा संपला की पुढचे चार आठवडे दिवसाच्या फोनला हात लावू नका. सगळी ताकद रात्रीवर. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, तुमच्याकडे जेमतेम चार तास होते. एवढ्या झोपेवर मोमेंटम डोक्यात शिरत नाही, चिडचिड वाढते आणि चिडचिडीवर उतारा म्हणून परत फोन.

झोप तुमच्या हातात नाही, फोनची जागा आहे. म्हणून नियम झोपेचा करू नका, जागेचा करा. ओट्याजवळच्या प्लगवर एक्स्टेन्शन लावा, चौघांचेही फोन रात्री तिथे. वडील सेकंड शिफ्टला असतील तर आल्यावर आधी फोन तिथे, मग जेवण. ‘अलार्मला लागतो’ हे कारण येणारच, त्यासाठी साधं गजराचं घड्याळ आधीच आणून ठेवा. ‘क्लासच्या ग्रुपवर पीडीएफ येतात’ हे मात्र खरं असतं. त्या संध्याकाळी प्रिंट करून आणायच्या. लेक्चर बघायचं असेल तर हॉलमध्ये, दहाच्या आत. वायफाय बंद करून काही होत नाही. बहुतेक प्रीपेड पॅकमध्ये रात्री बारा वाजता पुढच्या दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा सुरू होतो आणि पोरं त्याचीच वाट बघत जागी असतात.

अडीचवरून एकदम अकरावर आणू नका. तो अंथरुणात तळमळेल आणि तिसऱ्या रात्री फोन उचलून नेईल. या चारांतल्या पहिल्या आठवड्यात दीडला फोन ओट्यावर, दुसऱ्यात पाऊणला, तिसऱ्यात बाराला, चौथ्यात सव्वाअकराला. उठण्याची वेळ रविवारीसुद्धा तासाभराहून जास्त पुढे ढकलायची नाही. दुपारी क्लासहून आल्यावर दोन-तीन तास ताणून देत असेल तर रात्र कधीच सुधारणार नाही. दुपारची झोप अर्धा तास, तीही चारच्या आधी.

मॅच, मिनिटं नव्हे

बीजीएमआयची पूर्ण मॅच साधारण २५ ते ३० मिनिटांची असते. ती मध्ये थांबवता येत नाही. मध्येच सोडली तर आपले पॉइंट जातात आणि बरोबरचे तिघं अडचणीत येतात. आई दारातून ‘आत्ताच्या आत्ता ठेव’ म्हणते तेव्हा मुलाला ऐकू येतं, ‘मित्रांना टाकून ये.’ म्हणून मिनिटांत बोलू नका, मॅचमध्ये बोला. पाचव्या आठवड्यापासून दिवसाचा वेळ घ्या. वहीत आज सरासरी आठ मॅच दिसत असतील तर आठवड्याला एक-एक कमी करत शाळा-कॉलेजच्या दिवशी तीनवर या, रविवारी पाच. शेवटच्या मॅचच्या आधी विचारायचं, ‘ही शेवटची ना?’ त्याने ‘हो’ म्हटलं की तिथून निघून जायचं, दारात उभं राहायचं नाही.

आणि वडिलांनी एकदा त्याच्या शेजारी बसून एक मॅच बघावी. उपदेश न करता. ‘तुमच्यात पुढे रश कोण करतं? मागे कव्हर कोण देतं?’ एवढं विचारलं तरी मुलगा वीस मिनिटं बोलतो. सात-आठ महिन्यांतलं वडिलांशी झालेलं ते सगळ्यात लांब बोलणं असू शकेल. काहींना हे लाड वाटतात. आम्हाला वाटत नाहीत, कारण तो कुणाबरोबर खेळतो, गेममधल्या बोलण्यात कोण अनोळखी मोठी माणसं आहेत, पैसे कुणी मागतंय का, हे पालकांना कळायचा याहून सोपा रस्ता नाही. पैशांवरून आठवलं : तुमच्या यूपीआयचा पिन त्याला माहीत असेल तर आजच बदला, आणि प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग करा.

चोरून लक्ष ठेवणारी ॲप घालू नका. सोळा वर्षांचा मुलगा ती दोन दिवसांत शोधतो आणि त्यानंतर तुमच्या कोणत्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. त्याचे चॅट वाचायचे नाहीत.

कुठे फिसकटेल

पहिल्या चार ते दहा दिवसांत परिस्थिती सुधारण्याऐवजी बिघडेल. आधी जे करून फोन मिळायचा ते तो आणखी जोरात करून बघणार : आदळआपट, अबोला, उपास. नियम चुकला असं वाटून इथेच बहुतेक घरं माघार घेतात. उपास धरला तर ताट झाकून ठेवायचं, ‘ताट ओट्यावर आहे’ एवढं एकदाच सांगायचं. विनवण्या नाहीत, टोमणे नाहीत, आणि जेवणावरून फोनची देवाणघेवाण तर मुळीच नाही. पाणीही घेत नसेल किंवा दिवस उलटला तरी काहीच खाल्लं नसेल तर सरळ डॉक्टर, तो हट्टाचा विषय राहिला नाही.

नियम मोडला तर दुसऱ्या दिवशी एक मॅच कमी. बस. आठवडाभराची बंदी घालू नका. ती तुम्हीच तिसऱ्या दिवशी उठवाल आणि पुन्हा सोमवार-गुरुवार सुरू होईल. दिवाळीच्या सुट्टीत चुलतभाऊ आले की सगळं सैल होणार हे धरूनच चाला. त्या आठवड्याचे नियम आधीच वेगळे ठरवा, म्हणजे ते मोडले असं होणार नाही.

अभ्यासासाठी सध्या एकच गोष्ट : फिजिक्सचा एक धडा, शाळेचं मराठी विज्ञानाचं पुस्तक आणि अकरावीचं इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवून. संज्ञांची वही त्याने स्वतः करायची. आणि शांतपणे एकदा विचारा, ही लाईन त्याने घेतली होती की ९१ टक्क्यांनी.

घरच्या घरी थांबू नका, जर…

मरण्याची भाषा, स्वतःला इजा करणं, घरातल्यांवर हात उचलणं, आंघोळ-जेवण सुटणं, किंवा दोन आठवडे फोनवरसुद्धा उत्साह नसलेली उदासी दिसली, तर वाट बघू नका. ‘नाटक करतोय’ असं तर अजिबात म्हणू नका. १४४१६ ही टेली-मानस नावाची मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. तो बोलायला तयार नसेल तर आधी तुम्ही बोला. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलात तर लहानपणापासून एका जागी बसवत नव्हतं का, धांदरटपणा होता का, हे आठवून सांगा. लक्ष टिकण्याची अडचण किंवा नैराश्य आधीपासून असेल तर फोन हे वरवरचं लक्षण असतं आणि नुसता फोन कमी करून भागत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २०१४पासून खास याच त्रासासाठी ‘शट’ नावाचं क्लिनिक चालतं. पण सुरुवात सातारा-कराडात होऊ शकते, थेट बंगळुरू गाठायची गरज नाही.

राहिला ताजा कलम. आयफोन कबूल करू नका. ज्या वस्तूवरून रोज भांडण, तीच घरातलं सगळ्यात मोठं बक्षीस म्हणून दीड वर्ष टांगून ठेवली तर तिचं मोल आणखी वाढतं. शिवाय मार्क कमी पडले तर मार्कही गेले आणि फोनही, असा दुहेरी मार. त्याऐवजी कबड्डी परत सुरू करून द्या. बक्षीस म्हणून नाही, मार्कांची अट न घालता. संध्याकाळी सहा ते सात, आठवड्यातून चार दिवस. एक स्क्वाड तिथेही असतो, आणि तो आला नाही तर विचारतो. पहिल्या दिवशी नको म्हणेल, दीड वर्षात दम गेलेला असतो आणि पोरांसमोर लाज वाटते. तेव्हा त्याला आधी मैदानावर घेऊन जायला जुन्या मित्रांपैकी एकाला सांगा, आणि गुडघ्याचे पॅड जुने असतील तर नवे घ्या. या वयात पाय वाढलेले असतात, जुने बसणार नाहीत.